मंगलीचा पोरगा

नवेगाव बांध
मारबतीचा दिवस, सन १९३७

रुख्मिणीबाईस शामकलाचा नमस्कार. दुरूनच करते. जवळून केला तर तू पाय मागे घेशील, हे मला ठाऊक आहे.

तुझा राग अजून उतरला नसेल. मागच्या वर्षी तू आमच्या अंगणात उभी राहून सासूबाईंना चारचौघांत ऐकवलंस, की तुमच्या हट्टापायी दोन लेकरं गेली, तिसऱ्या वेळी तरी हिला नागपूरला आमच्या दवाखान्यात पाठवा. त्यांनी तुला रस्ता दाखवला आणि तू गेलीस ती एका शब्दाने परत आली नाहीस. राग ठेव, पण उत्तर दे. तू विधवा होऊन नर्स झालीस आणि बाबांनी तुझं नाव टाकलं, तेव्हा त्या घरात तुझ्यासाठी रडणारी मी एकटीच होते. शिवाय मला पाटीवर अक्षरं तूच गिरवायला लावलीस. आता माझी पत्रं वाचायचा त्रास तुझ्याच करणीचा आहे.

बातमी ओळखलीच असशील. आठवा लागला आहे.

पाय सुजले आहेत. पहिल्या दोन्ही वेळी सुजले होते, पण या वेळी बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. हातातल्या बांगड्या निघत नाहीत. डोकं दुखतं, आणि भर दुपारी डोळ्यांसमोर काजवे दिसतात. सासूबाई म्हणतात, पोटात पोरगा आहे म्हणून अंग भरलं. तू काय म्हणतेस ते कळव.

आज सकाळी गावातली पोरं मारबतीचा पुतळा गावाबाहेर टाकायला ओरडत घेऊन गेली, "खासी-खोकला घेऊन जा गे मारबत." दरवर्षीचंच आहे. पण सासूबाईंनी मला उंबऱ्याशी उभं केलं, माझ्या पोटावर हात ठेवला आणि सगळ्यांच्या वरताण आवाज काढला, "पोरं खानारीले घेऊन जा गे मारबत." पोरं खाणारी म्हणजे कोण, हे या घरात कोणी बोलत नाही. पहिलं मेलेलंच आलं, दुसरं दूध न ओढताच गेलं. दोघांच्या वेळी खोलीत मी आणि मंगली सुईण एवढ्याच होतो. मंगलीला तर सगळा गाव मानतो. मग उरलं कोण, याचा मी दिवसभर विचार करते आहे.

तुझी धाकटी बहीण शामकला


नवेगाव बांध
दसऱ्याच्या आधी

बाई, तुझं कार्ड पोचलं. चार ओळी आणि चारही हुकूम. मीठ सोड, अंधाऱ्या खोलीत पडून राहा, कोणाशी बोलू नको, मिळेल त्या गाडीने नागपूरला ये. खाली नुसतं "रुख्मिणी". आशीर्वादाला जागा उरली नसेल. तरी मी ते कार्ड उशाखाली ठेवलं आहे.

मीठ सोडलं. बाकीचं जमत नाही. यांनी एकदा बैलगाडी जुंपली होती, गोंदियापर्यंत लहान आगगाडीने नेऊन पुढे नागपूरच्या गाडीत बसवतो म्हणाले. सासूबाई बैलांसमोर उभ्या राहिल्या. "वाटेत काही झालं त तोंडात पानी कोन टाकल, शालीक?" त्या रडत होत्या, म्हणून यांनी बैल सोडले. त्या नुसत्या दुष्ट असत्या तर माझं काम सोपं झालं असतं. पण माझ्या पायांना कोमट तेल त्याच चोळतात, आणि चोळताना कोणाला तरी नवस बोलत असतात.

या वेळी लेकरू विकायचं ठरलं आहे. दचकू नकोस, तुझ्या माझ्या माहेरी ही चाल नव्हती एवढंच. ज्या घरात पोरं टिकत नाहीत तिथे लेकरू जन्मलं की सुपात ठेवतात. आईने तोंड फिरवून म्हणायचं, "घेऊन जा, माझं नाही." सुईण सूपभर कोंडा देऊन त्याला विकत घेते, मागच्या दाराने नेते, पुढच्या दाराने आणते आणि आईच्या पदरात पोसायला टाकते. पोरं नेणारं जे काही असेल, ते आईच्या नावाने शोधत येतं. इथे या बाईचं लेकरूच नाही, असं बघून परत जातं. पहिला दात आला की आई सुईणीला लुगडं देऊन लेकरू परत घेते.

मंगली गावाबाहेर गोंडांच्या वस्तीत, टोलीवर राहते. म्हातारी आहे, दात नाहीत, हसली की सगळं तोंड दिसतं. मला म्हणाली, "बेस पोसजो माह्या पोराले. हडकुळा वापस केला त मी नाही घ्यायची लुगडं." बऱ्याच दिवसांनी हसले.

शामकला


नवेगाव बांध
कार्तिक, तुळशीचं लग्न झाल्यावर

बाई, मुलगा झाला. तो आहे आणि मीही आहे.

एवढं लिहून पत्र दोन दिवस ठेवून दिलं होतं. पुढे काय लिहायचं ते सुचत नव्हतं.

मला काहीच आठवत नाही. मी तांदूळ निवडत बसले होते, काजवे फार झाले, सुपातले तांदूळ दिसेनात. त्यानंतर डोळे उघडले ते एकदम माझ्या खाटेवर. जीभ दातांखाली फाटलेली, अंगभर काळेनिळे डाग, आणि अंगणात धानाचे भारे कापून येऊन पडलेले. मी विचारलं, काय झालं होतं? सासूबाई म्हणाल्या, मला झटके आले, दातांत पळी घालावी लागली, चौघींनी धरून ठेवलं. मंगलीने लेकरू ओढून काढलं. निळं होतं. तिने त्याच्या तोंडात फुंकर घातली तेव्हा ते रडलं.

हे सगळं मी दुसऱ्या कोणाच्या बाळंतपणाचं ऐकावं तसं ऐकलं. मग विचारलं, लेकरू कुठे आहे? सासूबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "माहं म्हनू नको. मंगलीचा हाये तो. तूच त देल्ला, आठोत नाही का? दोन झटक्यांच्या मधात डोरे उघडले अन् सपष्ट बोलली, घेऊन जा, माहा नाही."

मी बोलले म्हणे. असेन.

तेव्हापासून तो माझ्याजवळ आहे. दूध पितो, झोपतो. सगळे त्याला मंगलीचा पोरगा म्हणतात. त्याला नाव ठेवलेलं नाही, ते परत घेतल्यावर. मंगली रोज दुपारी येते, पाय पसरून दारात बसते, त्याला टोरीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या तेलाने चोळते आणि विचारते, "माहा पोरगा पोसून राहिली नं बाई?" मी म्हणायचं असतं, "तुझाच आहे, घेऊन जा." घरातल्या सगळ्यांना यात मोठी गंमत वाटते. मीही हसते. पण बाई, बाकीचे लटकं बोलतात आणि माझं तोंड खरं बोलतं.

त्याला पोटातून येताना मी पाहिलं नाही. दुखलेलंही आठवत नाही. तो कोणाचा आहे हे मी माझ्या आठवणीतून सांगू शकत नाही, आणि ज्यांना आठवतं ते सगळे सांगतात की तो मंगलीचा आहे. त्याच्या कपाळावर केसांचा भोवरा आहे. आपल्यात कोणाला आहे का? तुझ्या लक्षात असेल तर कळव.

शामकला


नवेगाव बांध
मार्गशीर्ष

रुख्मिणीबाईस नमस्कार.

मंगली मेली. थंडीतापाने दोन दिवस पडून होती, तिसऱ्या दिवशी तिच्या टोलीवरचा माणूस सांगत आला. तलावाच्या बांधाच्या खालच्या अंगाला पुरलं.

ऐकल्याबरोबर सासूबाईंच्या हातातलं झाकण खाली पडलं. त्यांच्या मनात काय आलं ते माझ्याही आलं. दात यायचा आहे. सौदा तसाच राहिला.

यांना सांगितलं तर म्हणाले, "आपलंच पोर हाये. त्याले इकत कायले घ्या लागते?" सासूबाईंनी यांना एवढ्या जोरात गप्प केलं की बैल बिचकले. मग त्या स्वतः लुगडं आणि तांदूळ घेऊन टोलीवर गेल्या. मंगलीला मूलबाळ नव्हतं, बहिणीचा मुलगा रेवाराम तेवढा आहे. मी सोबत होते, लेकरू छातीशी. सासूबाईंनी त्याच्यापुढे लुगडं ठेवलं आणि म्हणाल्या, "तू दे आता. तू तिचा वारस."

रेवाराम लुगड्याकडे बघेना आणि लेकराकडेही बघेना. कुडाला टेकून उभा राहिला. "मावशीनं घेतला, मावशीच देईल. मी मधात नाही येत, माय."

"मेली रे ते."

"म्हनूनच नाही येत."

सासूबाईंनी लुगडं उचललं. घरी आल्यावर देवापुढे बसल्या, आणि मला म्हणाल्या, "कोनापाशी बोलू नको. आपुन त्याले आपला म्हनू नाही, म्हनजे झालं." म्हणजे आता कधीच म्हणायचं नाही.

आणखी एक लिहिते. तू हसशील, तरी लिहिते. काल दुपारी सगळे खळ्यावर होते, मी एकटी घरात. लेकरू खाटेवर रडत होतं. मी उठले नाही. उठावंसं वाटत नव्हतं, हल्ली पुष्कळदा वाटत नाही. हात आपले नसल्यासारखे मांडीवर पडून राहतात. तर रडता रडता ते एकाएकी थांबलं आणि दाराकडे बघून हसायला लागलं. दारात कोणी नव्हतं. घरभर टोरीच्या तेलाचा वास आला. आमच्याकडे ते तेल नाही, बाई. मंगली आपल्याबरोबर आणायची.

मला भीती वाटली नाही. बरं वाटलं, की चला, आता मला उठायला नको.

शामकला


नवेगाव बांध
संक्रांत

बाई, तिळगूळ घे. तुझं उत्तर नाही, पण तू कामात असशील. इथे सगळं बरं आहे.

धान मळून कोठीत गेलं. यंदा पीक चांगलं आहे. लेकरू अंग धरतं आहे, सगळे म्हणतात गोरं निघेल. मी रोज भाकरी खाते, रोज केस विंचरते. सासूबाई म्हणतात मी कमी बोलते. पण बोलण्यासारखं सगळं मी तुला लिहिते, मग त्यांच्यासाठी काय उरणार?

थंडीमुळे तलावावर बाहेरची पाखरं आली आहेत. परवा दुपारी लेकराला घेऊन पाणी आणायला गेले. ऊन छान होतं. मी पाण्यात उतरले, समोर सात बहिणींच्या टेकड्या दिसत होत्या, पाखरं जराही हलली नाहीत. पाणी गुडघ्यांच्या वर आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी घरून घागर आणलेलीच नाही. किती विसराळू झाले आहे बघ.

तिथे ढिवराची फुलवंता जाळं धुवत होती. तिने विचारलं, "काऊन वो, एवढ्या पान्यात लेकराले घेऊन का करून राहिली?" मी म्हटलं, पाणी न्यायला आले. ती माझ्या रिकाम्या हाताकडे बघत राहिली, मग जाळं तिथेच टाकून माझ्याबरोबर घरापर्यंत आली. वाटेत लेकरू तिने घेतलं होतं. तिलाही लहान मूल आहे, तिला सवय असेल.

मंगली रोज येते. नेमाने येते, जिवंत होती तेव्हापेक्षाही नेमाने. हे मी कोणाला सांगितलं नाही. ती काही वाईट करत नाही. दारात पाय पसरून बसते आणि तेच विचारते. फक्त आता "घेऊन जा" म्हटलं की ती हसत नाही. ती म्हणते, "तूच आनून दे. माह्याच्यानं उंबरा वलांडवत नाही."

तू आलीस तर बरं होईल. पण येण्याजोगं काही नाही.

शामकला


नवेगाव बांध
माघ

रुख्मिणीबाई,

तुझं पत्र मिळालं. या वेळी सहा ओळी आहेत. "वेडेपणा करू नकोस. मूल तुझंच आहे. अशिक्षित बायकांच्या नादी लागू नकोस. दूध पाज, पोटभर खा, कामात मन गुंतव." शिकलेली बाई असं लिहिते आणि अंगणात उभी राहते तेव्हा सासूबाईंवर ओरडते. तुम्ही दोघी मला एकच सांगता. त्या म्हणतात बोलू नको, तू म्हणतेस असं काही नाहीच. मधल्या मधे मी कुठे जाऊ ते दोघींपैकी एकीनेही लिहिलं नाही.

वेडेपणा म्हणालीस तर वेडेपणा. वेडीला बघायला तरी ये.

आता खरं लिहिते. त्या दिवशी मी पाणी आणायला गेले नव्हते. मंगलीला बांधाखाली पुरलंय, तिथून पाणी जवळ आहे. मी त्याला द्यायला गेले होते. आणि बाई, पाण्यात उतरताना मला रडू आलं नाही. उसनी वस्तू परत करायची राहिली होती, ती करते आहे, इतकंच वाटत होतं. फुलवंता तिथे नसती तर मी हे पत्र वेगळं लिहिलं असतं, किंवा लिहिलंच नसतं.

काल पुन्हा निघाले. दुपारच्या जेवणानंतर त्याला सुपात निजवलं, सूप डोक्यावर घेतलं. मंगली पुढे चालत होती. अंगणात आले तेव्हा सुपातून त्याचा हात बाहेर आला आणि माझ्या कपाळावर पडला. नुसता पडला. त्याने मुद्दाम काही केलं नाही, झोपेत होता. पण तो हात गरम होता, बाई. पहिल्या दोघांचे मी धरले होते ते थंड होते. एवढाच फरक मला कळला, आणि तो कळल्यावर पुढचं पाऊल टाकता येईना. मला अजूनही तो माझा वाटत नाही. माझा नसला तरी तो गरम राहावा असं मात्र फार वाटलं.

मी तशीच उलटी फिरले, सासूबाईंपुढे सूप ठेवलं आणि सगळं सांगितलं. तलावाचंही सांगितलं. मला वाटलं त्या मारतील. त्या खाली बसल्या. सूप त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. मग म्हणाल्या, "नरसबाईले बलावतो. तिच्या पाया पडतो म्या. तोवर का करू, तू सांग." सासूबाईंनी मला काही विचारावं असा प्रसंग या घरात पहिल्यांदा आला.

मी सांगितलं ते त्यांनी केलं. धान ठेवायच्या खोलीत मी आले आहे. दार बाहेरून बंद आहे. लेकरू सासूबाईंच्या पदराखाली आहे. माझं दूध मी वाटीत काढून झरोक्यातून देते, त्या कापसाच्या बोळ्याने पाजतात. दिवसातून दोन वेळा फुलवंता येऊन अंगावर पाजून जाते. हे पत्र यांच्याजवळ देते आहे. हे स्वतः घेऊन येत आहेत, लहान गाडीने गोंदियाला आणि तिथून तुझ्याकडे. यांना बोलता येत नाही फारसं, तू त्यांना काही बोलू नकोस. त्यांच्याबरोबर लगेच नीघ. सासूबाई तुला अंगणात अडवणार नाहीत.

तू विचारशील, स्वतःला कोंडून काय मिळवलंस? मी मंगलीला आत बोलावलं. दारात येऊन बसली तेव्हा म्हटलं, उंबरा ओलांडवत नाही म्हणतेस ना, माझा हात धर. मी तिचा हात धरून तिला या खोलीत आणलं आणि मग दार लावायला सांगितलं. ती धानाच्या पोत्याला टेकून बसली आहे. मी इथे आहे तोवर ती इथे आहे, आणि ती इथे आहे तोवर तो बाहेर ऊन खातो आहे. मला झरोक्यातून त्याचा आवाज येतो.

ती माझ्यावर रागावली आहे. माझ्या जिभेने बोलते, माझ्याच आवाजात. म्हणून सासूबाईंकडून मी कबूल करून घेतलं आहे, की तू येईपर्यंत या दारामागून मी हाक मारून लेकरू मागितलं, मला आता बरं वाटतं म्हटलं, रडले, पाया पडले, तरी द्यायचं नाही.

आज सकाळपासून दोनदा मागून झालं. त्यांनी दिलं नाही.

शामकला